लाइट रोस्ट कॉफी आंबट, पातळ किंवा सपाट लागते? आपलं पाणी आणि आपला मिक्सर धरून करायच्या तपासण्या

आधी लक्षणं. "कॉफी खराब निघाली" या एका तक्रारीखाली निरनिराळे दोष असतात आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. तुमच्या कपात यापैकी काय होतंय ते आधी ठरवा.

– पहिल्याच घोटाला तोंड वाकडं होतं. आंबटपणा टोचतो, लगेच संपतो आणि मागे काही उरत नाही.
– रंग चहासारखा, चव पाणचट.
– एकाच घोटात आंबट आणि कडू दोन्ही.
– ना आंबट, ना गोड, ना वास. जिभेवर खडूचा थर बसल्याची जाणीव.
– घोट गिळल्यावर मागून खारट चव.
– कच्च्या शेंगदाण्याचा किंवा हिरव्या चाऱ्याचा वास.
– दूध घातलं की फाटतं.

परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणाऱ्या रस्त्याला माझं कॉफीचं छोटं दुकान आहे. दिवाळी, संक्रांत, लग्नसराई झाली की पुण्या-बंगळुरूला नोकरीला असलेल्या पोरांनी घरी आणून ठेवलेली पाकिटं घेऊन लोक माझ्याकडे येतात. तक्रार ठरलेली: "भाऊ, पोरानं सहाशे रुपयाची कॉफी आणली न् हे तं चिंचेचं पाणी लागते. फेकून देऊ का?" फेकू नका. या पाकिटांतला दाणा बहुतेक वेळा चांगलाच असतो. बिघडतं ते पाणी, दळण आणि चहाच्या सवयीने केलेली घाई यांत.

हा दाणा असा का वागतो ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढच्या तपासण्या डोळे झाकून कराव्या लागणार नाहीत. कॉफीचा हिरवा दाणा भाजताना साधारण १९६ ते २०५ अंश सेल्सिअसला पहिल्यांदा तडतडतो. त्यानंतर लवकरच तो बाहेर काढला की लाइट रोस्ट. २२५ अंशांच्या आसपास तो पुन्हा तडतडतो. तिथवर किंवा त्याच्याही पुढे नेला की डार्क. कमी भाजल्यामुळे दाण्यातली मूळ आम्लं आणि फळाफुलांचे वास टिकतात, ही जमेची बाजू. पण असा दाणा टणक राहतो, त्याला छिद्रं कमी पडतात आणि तो आपली चव पाण्याला सहज सोडत नाही. पाण्यात आम्लं आधी उतरतात, गोडवा त्यांच्या मागून येतो आणि कडवटपणा शेवटी. अर्ध्यातच गाळलं तर कपात पहिला हप्ताच पडतो. चांगल्या कपात पुडीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरलेला असतो. डार्क रोस्ट तिथवर आपोआप जाते, लाइटला न्यावं लागतं.

घरातली फेटलेली इन्स्टंट कॉफी, दूध आणि दोन चमचे साखर, ही ज्या जिभेची सवय आहे तिला लाइट रोस्ट आधी वेगळी लागणारच. तो दोष नाही, म्हणून पहिली तपासणी त्याचीच.

दोष आहे की नाही, ते आधी ठरवा

खर्च शून्य. दूध-साखर न घालता कप करा आणि दहा मिनिटं तसाच राहू द्या. गरम असताना एक घोट, कोमट झाल्यावर एक, पार थंड झाल्यावर एक. नीट उतरलेली लाइट रोस्ट थंड होताना गोड होत जाते आणि तिचा आंबटपणा फळाचा वाटू लागतो. अर्धवट उतरलेली थंड झाली की आणखी टोचते.

लिंबात आणि आपल्या संत्र्यात मुख्य आम्ल एकच असतं, सायट्रिक. लिंबात ते पाच-सहा टक्के असतं आणि गोडी नावाला. संत्र्यात आम्ल एखाद्या टक्क्याच्या आत आणि साखर भरपूर, म्हणून वरूड-मोर्शीचं संत्र आपण आंबट म्हणून टाकून देत नाही. कॉफी याच हिशेबाने चाखायची. आंबट आहे का, हा प्रश्न विचारू नका. आंबटासोबत गोडी आहे का, हे विचारा. गोडी असेल तर तुमची कॉफी बरी आहे, फक्त ओळख नवी आहे. नसेल तर पुढे चला.

ओळख वाढवायची असेल तर पाकिटावरची परदेशी फळांची यादी बाजूला ठेवा. कपाशेजारी संत्र्याची एक फोड, गुळाचा खडा, चिंचेचं बोटूक आणि एखादं पिकलं बोर ठेवा. एक घोट कॉफी, एक चव फळाची, पुन्हा घोट. चिकमगळूर किंवा कोडगूकडची धुतलेली (म्हणजे वाळवण्याआधी फळाचा गर धुऊन काढलेली) अरेबिका असेल तर बहुधा संत्र्याची साल, गूळ, कधी काळ्या चहाचा तुरटपणा सापडेल. पाकिटावर 'नॅचरल' लिहिलं असेल तर तो दाणा फळासकट वाळवलेला आहे आणि त्याला आंबवलेल्या फळाचा वास येतो. मेळघाटात किंवा गडचिरोलीकडे कोणा म्हाताऱ्या माणसाला हा वास दिला तर तो लगेच हसतो: "हे तं मोहाची होय." बरोबर ओळखलं. वाळल्या मोहफुलांच्या जवळ जाणारा वास नॅचरल कॉफीचा गुण आहे. पाकीट सडलं म्हणून परत पाठवू नका.

पाकीट वाचा

हेही फुकट. चार गोष्टी बघा.

त्यात चिकोरी आहे का? भारतात कॉफी-चिकोरी मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते आणि तसं पाकिटावर लिहावं लागतं. चिकोरीची कॉफी ही लाइट रोस्ट नव्हे. तिला या पोस्टमधले उपाय लागू नाहीत. चिखलदऱ्याला फिरायला जाऊन आणलेली पूडही त्याच रांगेत, जर किती भाजली हे पाकिटावर नसेल तर. विदर्भात कॉफी पिकते ती वर तिथेच, त्याचा अभिमान मलाही आहे, पण रोस्ट माहीत नसलेल्या पुडीवर तपासण्या करण्यात दम नाही.

दुसरं, भाजल्याची तारीख. पॅक केल्याची नव्हे, भाजल्याची. इथे ताजेपणाचा नियम भाजीसारखा सरळ चालत नाही. भाजल्यावर दाण्यात कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो, आणि टणक लाइट रोस्टमधून तो सावकाश निघतो. चार दिवसांच्या दाण्यावर पाणी ओतलं की फेस उसळतो, तो वायू पाण्याला पुडीत शिरू देत नाही आणि कॉफी आंबट-पोकळ उतरते. एक ते तीन आठवडे पाकीट तसंच ठेवलं तर तेच दाणे सुधारतात. उलट कित्येक महिने जुनं पाकीट असेल, पाणी ओतल्यावर एकही बुडबुडा येत नसेल आणि पुठ्ठ्याचा वास असेल, तर तो शिळेपणा आहे. त्यावर उपाय नाही.

तिसरं, दाणे आहेत की पूड. पूड आणली असेल तर दळण तुमच्या हातात राहिलं नाही. वेळ आणि उष्णता तेवढी बदलता येईल. चौथं, कॉफीची जात कुठली, अरेबिका की रोबस्टा. रोबस्टा लाइट भाजलेली असेल तर संत्र्या-बोराची अपेक्षा ठेवू नका.

माप

चमच्याने मोजणं बंद करा. लाइट रोस्टचा दाणा घट्ट असतो, म्हणून तोच चमचा डार्कपेक्षा जास्त वजन धरतो. घरातला एक जण सपाट चमचा घेतो, दुसरा शिगोशीग, आणि रोज वेगळी कॉफी झाल्यावर दोष पाकिटाला जातो. खिशात मावणारा डिजिटल काटा काही शे रुपयांत मिळतो. तोवर किराणा दुकानात किंवा ओळखीच्या सोनाराकडे एकदा पंधरा ग्रॅम मोजून घ्या आणि ते कुठल्या वाटीत कुठवर येतात त्याची खूण करा.

सुरुवातीचं माप: १५ ग्रॅम कॉफी, २४० मिली पाणी. पाणचट लागते म्हणून पूड वाढवत नेणं ही नेहमीची चाल आहे आणि लाइट रोस्टमध्ये ती उलटी पडते. पूड जास्त आणि पाणी तेवढंच, म्हणजे प्रत्येक कणाच्या वाट्याला पाणी कमी. कॉफी दाट होते आणि आंबटपणाही दाट होतो. माप स्थिर ठेवा आणि बाकीच्या गोष्टी एकेक करून बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर काय कामाला आलं ते कधीच कळणार नाही.

उष्णता आणि वेळ

"उकळतं पाणी ओतलं की कॉफी जळते" हे वाक्य डार्क रोस्टवाल्यांकडून आलेलं आहे. लाइटला खळखळ उकळलेलं पाणी लगेच ओता. आपल्या सपाटीच्या गावांत पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे, तिथे ते ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. वर राहणाऱ्यांनी पाणी निववायचा प्रश्नच येऊ देऊ नये.

आता भांडं. स्टीलचा थंड गंज (म्हणजे पातेलं) आणि थंड गाळणी पाण्यातली बरीच उष्णता खातात. जानेवारीतल्या सकाळी तर हे फार जाणवतं. गंजात आधी उकळतं पाणी ओतून खळबळून टाकून द्या, मग कॉफी करा.

यंत्र नसलं तरी चालेल. तापवलेल्या गंजात १५ ग्रॅम पूड, वरून २४० मिली उकळतं पाणी, चमच्याने तळापर्यंत एकदा ढवळा, झाकण ठेवा. पाच मिनिटं. मग वरचा थर हलकेच मोडा, आणखी दोन मिनिटं गाळ खाली बसू द्या आणि स्वच्छ सुती फडक्यातून गाळा. फडकं साबणाने किंवा धुण्याच्या पावडरीने धुतलेलं नको, नुसत्या पाण्यात उकळलेलं हवं. कॉफी साबणाचा वास लगेच धरते. चहासारखी आचेवर पूड उकळत ठेवू नका. आंबटपणा कमी होईल खरा, पण ज्या वासासाठी पैसे दिले तो वाफेबरोबर स्वयंपाकघरात जाईल आणि कपात कडूपणा उरेल.

दोन मिनिटांत गाळणाऱ्यांची तक्रार बहुतेक इथेच मिटते. सात मिनिटं देऊनही आंबटच लागत असेल तर दळणाकडे चला.

दळण आणि मिक्सर

"एकाच घोटात आंबट आणि कडू" हे लक्षण जवळजवळ नेहमी मिक्सरचं असतं. मिक्सरचं पातं दाणा दळत नाही, फोडतं. त्यातून एकाच वेळी मैद्यासारखी भुकटी आणि ज्वारीच्या कण्यांएवढे तुकडे निघतात. भुकटी क्षणात सगळं सोडून कडू होते, तुकडे आतून कोरडेच राहून नुसतं आम्ल सोडतात. कपात दोन्हींची बेरीज येते. आणि लाइटचा दाणा टणक, म्हणून ही फूट डार्कपेक्षा जास्त.

हातदळणी घेणं हा पक्का उपाय आहे, पण त्याला हजारो रुपये लागतात. त्याआधी घरातल्या दोन चाळण्या वापरा. चटणीच्या छोट्या भांड्यात पंधरा-वीस ग्रॅमच दाणे घ्या. दोन-दोन सेकंदांचे झटके द्या आणि प्रत्येक झटक्यानंतर भांडं काढून हलवा. सलग अर्धा मिनिट फिरवलं तर पूड हाताला गरम लागते. तेवढा वास गेला असं समजा. मग रव्याच्या चाळणीने चाळा. वर राहिलेलं पुन्हा फिरवा. खाली पडलेलं मैद्याच्या चाळणीत घाला आणि त्यातूनही जे खाली पडेल ती भुकटी बाजूला काढा. मधला माल, बोटांत चोळल्यावर बारीक रव्यासारखा लागणारा, तो तुमचा. भुकटी टाकू नका; घरात ज्यांना दूध-साखरेचीच कॉफी हवी त्यांना ती चालते.

चाळताना थोडी नासाडी होते. कपातला फरक बघितलात की तिचं वाईट वाटणार नाही.

भांड्याचा वास विसरू नका. ज्या भांड्यात रोज सांभार (कोथिंबीर)-मिरचीची चटणी होते आणि रविवारी सावजी मसाला, त्यात दळलेल्या कॉफीला लिंबाफुलाचा वास येणार नाही. मूठभर कोरडे तांदूळ दोनदा फिरवून टाका, झाकणाचं रबर काढून वेगळं धुवा, उन्हात वाळवा. वास खरा त्या रबरातच बसलेला असतो.

पूड आधीच दळून ठेवू नका. लागेल तेव्हा दळा. लोडशेडिंगचं वेळापत्रक आड येत असेल तर वीज जाण्याआधी एका वेळेपुरती दळून घट्ट डब्यात ठेवा, त्याहून जास्त नाही.

एक इशारा. मिक्सरमधून जळका वास आला, खालचं ओव्हरलोडचं लाल बटण पुन्हा पुन्हा बाहेर पडू लागलं, किंवा भांड्याला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर तिथेच थांबा. टणक दाण्याने कपलर आणि मोटर दोन्हींवर ताण येतो. आणि झिणझिण्या म्हणजे अर्थिंगचा प्रश्न, जो आपल्याकडच्या जुन्या घरांत सर्रास आढळतो. चप्पल घालून काम भागवू नका, इलेक्ट्रिशियन बोलवा. इलेक्ट्रिक किटलीचंही तेच.

पाणी

कपात ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. आमच्या भागात इतर सगळं बरोबर असूनही कॉफी बिघडते ती पाण्याने. गंमत अशी की आपल्याकडचं पाणी तिला दोन विरुद्ध दिशांनी बिघडवतं.

पहिलं, बोअरचं जड पाणी. काळ्या कातळातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. किटलीच्या तळाला पांढरी खपली बसते, साबणाला फेस येत नाही, ते हेच पाणी. यातलं बायकार्बोनेट कॉफीतलं आम्ल मारून टाकतं. आंबट गेलं म्हणून बरं वाटतं, पण त्याच्याबरोबर फळाची चवही जाते. सपाट, खडूसारखी कॉफी हे याचं लक्षण. पाण्याच्या तपासणी अहवालात 'क्षारता' (अल्कलिनिटी) हा आकडा बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, तो २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत चांगला मानतात आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. कॉफीला तो ४० च्या आसपास हवा. म्हणजे प्यायला उत्तम ठरलेलं पाणीही कॉफीला पाचपट जड असू शकतं.

याचा स्वस्त उपाय गंजात होतो. पाणी दहा मिनिटं खळखळ उकळा, झाकून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी पांढरी भुकटी बसलेली दिसेल. न हलवता वरचं पाणी अलगद ओतून घ्या आणि फडक्यातून गाळा. बायकार्बोनेटचा जडपणा बराच उतरलेला असतो. कॉफीसाठी हेच पाणी पुन्हा उकळा.

दुसरं, आरओचं पाणी. गावोगावी आता आरओचे वीस लिटरचे जार आणि वॉटर एटीएम झाले आहेत. त्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण, पुष्कळदा फार कमी असतो. अशा पाण्यात आम्लाला आवर घालायला काही उरत नाही आणि चव ओढून घ्यायला लागणारं कॅल्शियम-मॅग्नेशियमही नसतं. परिणाम: टोचणारी, पोकळ, आंबट कॉफी. "आम्ही तं शुद्ध पाणी वापरतो" म्हणणाऱ्यांची कॉफी जास्त आंबट का, त्याचं उत्तर हे.

मग मिसळा. पेनासारखं टीडीएस मीटर काही शे रुपयांना मिळतं. कॉफीसाठी टीडीएस १५० च्या आसपास धरा. समजा बोअरचा ६०० आणि जारचा ३० निघाला. एक भाग बोअर, चार भाग आरओ: ६०० अधिक १२०, भागिले ५, म्हणजे १४४. झालं. मीटर नसेल तर हेच प्रमाण धरून सुरुवात करा; कॉफी टोचली तर बोअर थोडं वाढवा, सपाट झाली तर कमी करा. मीटर क्षारांची एकूण बेरीज सांगतं, क्षार कुठले ते सांगत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

आणि तेच पुढच्या मुद्द्याचं कारण. अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा. तिथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात मिठाचेच क्षार असतात. ते उकळून तळाला बसत नाहीत. पाणी आटलं की उलट वाढतात. कॉफीच्या मागून खारट चव येत असेल तर वरचा गंजाचा उपाय करू नका आणि मिश्रणातही ते पाणी घेऊ नका. नळयोजनेचं किंवा साठवलेलं पावसाचं गोडं पाणी गाळून, उकळून वापरा.

काही जण आंबटपणा मारायला चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतात. सोडा म्हणजे बायकार्बोनेटच. बोअरचं पाणी जे करतं तेच तो करतो आणि वर खारटपणा देतो.

पाण्याच्या बाबतीत घरचे प्रयोग कुठे थांबवायचे, हे स्पष्ट सांगतो. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. मानकात त्याची चांगली मर्यादा १ आणि कमाल १.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, टीडीएस मीटर ते वेगळं दाखवत नाही आणि उकळून ते जात नाही. नायट्रेटचंही तसंच. हातपंपाला लाल रंग दिलेला असेल, किंवा गावात मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसत असतील, तर त्या स्रोताचं पाणी कॉफीत एक चमचाही मिसळू नका. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा, अहवाल बघायला मागा, आणि नसेल तर जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्या. हा विषय कॉफीच्या पलीकडचा आहे.

साठवण

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या छताखालच्या फळीवर ठेवलेलं पाकीट आठवड्याभरात इतकं म्हातारं होतं की बाकीच्या तपासण्या करण्यात अर्थ उरत नाही. दाणे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, घरातल्या सगळ्यात थंड आणि कोरड्या आलमारीत ठेवा. माठाशेजारी नको, कूलरच्या झोतातही नको. कूलरची हवा ओली असते आणि दाणा ती ओल ओढतो. गव्हाच्या कोठीतही नको, कडुलिंबाच्या पाल्याचा वास लागतो. फ्रीझर चालतो, पण छोट्या बंद पुड्या करून, आणि बाहेर काढलेली पुडी घरातल्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही. जिथे वीज तासन् तास जाते तिथे त्या भानगडीत पडू नका.

दूध फाटत असेल तर

लाइट रोस्टचा पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका लहान तितकं जास्त आंबट) साधारण ५ च्या आसपास असतो. दूध ताजं असेल तर ते एवढं सहन करतं. सकाळी आलेलं, दुपारी फ्रिज बंद पडून कोमट झालेलं दूध वासाला ठीक असतं, पण आतून आंबायला लागलेलं असतं. गरम आणि आम्ल कॉफी हा त्याला शेवटचा धक्का. डेअरीवाले करतात तीच तपासणी करा: दोन चमचे दूध वाटीत वेगळं उकळा. एकटंच फाटलं तर दोष दुधाचा. नाही फाटलं तर दूध कोमट करून आधी कपात घ्या आणि पिण्याइतकी निवलेली कॉफी त्यात बारीक धारेने सोडा. तरीही फाटलं तर ती कॉफी बिनदुधाची प्या, किंवा दुधासाठी मिडियम रोस्ट आणा. तीच जास्त चांगली लागते, माझं प्रामाणिक मत.

दाण्याचाच दोष

माप, उष्णता, वेळ, दळण, पाणी, सगळं झालं आणि तरीही कच्च्या शेंगदाण्याचा, हिरव्या चाऱ्याचा वास येतोय? मग दाणा बाहेरून भाजला आणि आत कच्चा राहिला, अशी शंका घ्या. दोन-चार दाणे दाढेखाली घ्या. नीट भाजलेला लाइट दाणा कडक असला तरी कुडुम करून तुटतो. कच्चा राहिलेला चिवट लागतो, नीट तुटत नाही, आणि चावल्यावर गवताची चव सोडतो. मग एक दाणा फोडून आतला रंग बाहेरच्याशी ताडून बघा. आत फारच फिका असेल तर शंका पक्की होत जाते. शक्य असेल तर त्याच पाण्यात, त्याच मापाने दुसऱ्या भाजणाऱ्याची लाइट रोस्ट करून बघा. ती चांगली उतरली तर प्रश्न पाकिटाचा.

इथे घरचा उपाय संपतो. असे दाणे तव्यावर किंवा कढईत पुन्हा भाजणारे मला दर हंगामात भेटतात. पुन्हा भाजलेल्या दाण्याची साल करपते, आतला कच्चेपणा तसाच राहतो आणि उरलासुरला वास निघून जातो. करू नका.

रिकाम्या पोटी ही कॉफी घेऊन छातीत जळजळ होत असेल आणि ती राहत नसेल, तर रोस्ट बदलत बसू नका. कॉफी थांबवा आणि डॉक्टरांकडे जा.

पाकीट सदोष वाटत असेल तर ज्याने भाजलं त्याला कळवा. भाजल्याची तारीख, बॅच नंबर, तुमच्या पाण्याचा टीडीएस, किती ग्रॅमला किती पाणी, किती मिनिटं, कशावर दळलं, आणि फोडलेल्या दाण्याचा उजेडात काढलेला फोटो, एवढं एका मेसेजमध्ये लिहा. नुसतं "आंबट लागते" लिहिलंत तर तिकडून पहिला प्रश्न येईल तो पाण्याचाच.